लोडर फिरतोय पण टायमर थांबलेत: वेबव्ह्यूमधला बग शोधतानाचा अनुभव

आमचं अ‍ॅप हायब्रिड आहे, म्हणजे बाहेरचं कवच नेटिव्ह (थेट फोनच्या सिस्टिमसाठी लिहिलेलं), लॉगिन, नोटिफिकेशन, कॅमेरा हे सगळं नेटिव्ह, आणि आतले फॉर्म, याद्या, रिपोर्ट मात्र वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे आत वेबपेज दाखवणाऱ्या चौकटीत. मी वेबच्या बाजूचं काम करते. तक्रार अशी यायला लागली की अँड्रॉइडवर कधीकधी फॉर्म सेव्ह केला की लोडर फिरतच राहतो. एरर नाही, क्रॅश नाही, काही नाही, नुसता फिरतोय. सर्व्हरचे लॉग बघितले तर रिक्वेस्ट आलेली, उत्तर व्यवस्थित गेलेलं, डेटा सेव्ह झालेला. आणि माणूस बिचारा स्क्रीनकडे बघत बसलेला, शेवटी वैतागून अ‍ॅप बंद करून परत उघडतो आणि तोच फॉर्म दुसऱ्यांदा भरतो. डेटाबेसमध्ये एकाच माणसाच्या डबल नोंदी दिसायला लागल्या तेव्हा हे प्रकरण नुसतं त्रासदायक राहिलं नाही, गंभीर झालं.

तेच पेज कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये उघडलं तर एकदम ठीक. फोनवरच्या क्रोममध्येही ठीक. आयफोनच्या अ‍ॅपमध्येही ठीक. फक्त अँड्रॉइड अ‍ॅपच्या आत, तेही कधीतरीच. अशा वेळी वेबवाले म्हणतात ब्राउझरमध्ये तर चालतंय, नेटिव्हवाले म्हणतात आम्ही तर फक्त यूआरएल लोड करतो, आणि बग दोघांच्या मधे तसाच पडून राहतो. यात कुणाचा आळस नसतो, दोघंही आपापल्या बाजूने खरंच बोलत असतात. पण वेबव्ह्यू म्हणजे ब्राउझर नाही. इंजिन तेच असलं तरी कुकीज कशा ठेवायच्या, लोकल स्टोरेज चालू ठेवायचं का, फाइल निवडायची खिडकी उघडायची का, नवीन टॅब मागितला तर काय करायचं हे सगळं बाहेरचं अ‍ॅप ठरवतं. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये तर जावास्क्रिप्टसुद्धा मुळात बंद असते, अ‍ॅपने चालू करावी लागते. त्यामुळे "ब्राउझरमध्ये चालतंय" यावरून फक्त एवढंच कळतं की पेजमध्ये उघड घोटाळा नाहीये.

तर पहिलं काम म्हणजे आत काय चाललंय ते दिसायला हवं. मला सगळ्यात जास्त हाच भाग सांगायचाय कारण नवीन लोक इथेच अडकतात आणि मग अंदाजपंचे कोड बदलत बसतात.

अँड्रॉइडवर वेबव्ह्यू क्रोमियमवर (क्रोमच्या आतल्या इंजिनवर) आला ४.४ मध्ये, म्हणजे २०१३ ला, आणि तेव्हापासूनच त्याला कॉम्प्युटरवरून क्रोमची डेव्हटूल्स (पेजच्या आत काय चाललंय ते दाखवणारी साधनं) जोडता येतात. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू करायचे, यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल लावायची, आणि कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडायचं. ऐकायला सोपं आहे, पण एकेक पायरीवर अडखळायला होतं. केबल फक्त चार्जिंगची असते, डेटा जातच नाही. फोनवर परवानगीची खिडकी येऊन गेलेली असते आणि आपण ती बघितलेलीच नसते, मग एडीबीला (कॉम्प्युटरवरून फोनशी बोलायच्या टूलला) विचारलं की फोन अनऑथराइज्ड म्हणून दिसतो. फोन दिसतो पण त्याच्याखाली आपलं अ‍ॅपच दिसत नाही. हे शेवटचं झालं तर कारण बहुतेक एकच, अ‍ॅपने सेटवेबकन्टेन्ट्सडिबगिंगएनेबल्ड हा स्विच चालू केलेला नसतो. हा स्टॅटिक आहे, म्हणजे एका वेबव्ह्यूपुरता नाही, एकदा चालू केला की अ‍ॅपमधले सगळे वेबव्ह्यू दिसायला लागतात, आपले पण आणि आत जोडलेल्या एसडीकेंचे (बाहेरून घेतलेल्या तयार कोडचे) पण. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.) वेबव्ह्यूच्या ११३ नंतरच्या व्हर्जनमध्ये डिबगेबल बिल्ड (टीमने तपासायला बनवलेली आवृत्ती) असेल तर हा स्विच आपोआप चालू असतो, पण रिलीज बिल्डला, म्हणजे लोकांकडे जाते तिला, तसं होत नाही.

आणि आमचा बग नेमका रिलीज बिल्डमध्येच दिसत होता. डिबग बिल्डमध्ये आम्ही कितीही प्रयत्न केला तरी येईना. का ते नंतर कळलं. तेव्हा मी नेटिव्ह टीममधल्या मित्राला म्हटलं, अरे मला अशी एक बिल्ड दे जी सगळ्या बाबतीत रिलीजसारखी असेल, तेच कोड बारीक करणं, त्याच एसडीके, तेच सर्व्हर, फक्त हा एक स्विच चालू. तो आधी नको म्हणत होता, कारण अशी बिल्ड चुकून बाहेर गेली तर कुणीही केबल लावून लॉगिनचे टोकन वाचू शकतो, आणि त्याची भीती अगदी बरोबर होती. मग आम्ही तिचं पॅकेजचं नाव वेगळं ठेवलं आणि सही करायची किल्लीही वेगळी, म्हणजे ती स्टोअरवर आमच्या अ‍ॅपच्या नावाने जाऊच शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हायब्रिड अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येक टीमकडे अशी बिल्ड कायम तयार असायला हवी, बग आला की मग करू असं नको, कारण बग आला की सगळ्यांना घाई असते आणि घाईत कुणी बिल्डचे कॉन्फिगरेशन नीट करत नाही.

आयफोनची गोष्ट वेगळी. तिथे सेटिंग्जमध्ये सफारीच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये वेब इन्स्पेक्टर चालू करायचा, फोन मॅकला जोडायचा आणि मॅकच्या सफारीमधल्या डेव्हलप मेनूतून आपलं पेज निवडायचं. पूर्वी फक्त डेव्हलपमेंटच्या सहीने बनवलेली बिल्ड तिथे दिसायची. आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, वेबव्ह्यूला इझइन्स्पेक्टेबल नावाची प्रॉपर्टी आली आणि ती मुळात बंद असते. त्यामुळे अनेक जणांना नवीन एक्सकोडने (अ‍ॅपलच्या टूलने) बिल्ड केल्यावर एकदम पेज दिसेनासं झालं आणि ते केबल बदलत बसले. एक ओळ घालायची असते फक्त.

आता परत लोडरकडे. बिल्ड हातात आली तशी आम्ही सगळ्यात आधी व्हर्जनच्या मागे लागलो. त्याचं कारण आहे. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू हा फोनच्या सिस्टिमपासून सुटा झाला, स्टोअरवरून वेगळा अपडेट होतो, आणि ७ ते ९ मध्ये तर फोनवरचं क्रोमच वेबव्ह्यूचं काम करायचं. म्हणजे दोन फोन एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच अँड्रॉइडचे असले तरी आतला वेबव्ह्यू वेगवेगळ्या व्हर्जनचा असू शकतो, आणि आपण आपल्या अ‍ॅपमध्ये एक ओळही न बदलता अ‍ॅपचं वागणं बदलू शकतं. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका अपडेटमुळे जगभर कितीतरी अँड्रॉइड अ‍ॅप्स उघडल्या उघडल्या बंद पडायला लागली होती, ज्यांचा वेबशी फारसा संबंध नाही असं वाटायचं तीसुद्धा, आणि सुधारित अपडेट आल्यावरच ते थांबलं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना काहीही विचित्र दिसलं की पहिला संशय व्हर्जनवरच येतो. म्हणून आम्ही अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यूचं पॅकेज आणि व्हर्जन लॉगमध्ये पाठवायला सुरुवात केली, अँड्रॉइड ८ पासून गेटकरंटवेबव्ह्यूपॅकेज म्हणून मेथड आहे तिच्यातून मिळतं. तक्रारींच्या बाजूला व्हर्जन लावून बघितली. काहीच जुळेना. जुन्यावर पण येतोय, ताज्यावर पण येतोय.

मग नेहमीचे संशयित. थर्ड पार्टी कुकीज वेबव्ह्यूमध्ये ५ पासून मुळात बंद असतात, ते बघितलं, पण आमचा सर्व्हर त्याच डोमेनवर आहे. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळात बंद, पण आमचं सगळं एचटीटीपीएस. सर्व्हिस वर्कर (पेजच्या मागे चालून रिक्वेस्ट हाताळणारी स्क्रिप्ट) काढून बघितला. काही फरक नाही. यावर जास्त लिहीत नाही कारण यात काही निघालंच नाही.

खरी गंमत अशी होती की बग पकडायला गेलं की तो निघून जायचा. आमच्या टेस्टर मैत्रिणीला तिच्या जागेवर बग दिसायचा, ती फोन घेऊन माझ्याकडे यायची, आम्ही केबल लावायचो, आणि लोडर गायब, सेव्ह झालं असा मेसेज पण आलेला. असं परत परत झालं. मला वाटायला लागलं की डेव्हटूल्स जोडल्यामुळेच काहीतरी बदलतंय, तसं होऊ शकतं खरं, कारण डेव्हटूल्स उघडी असताना कॅश बंद ठेवायचा टिक असतो त्याने वेळा बदलतात. पण मग तिनेच एक गोष्ट सांगितली. म्हणाली, अगं केबल लावायच्या आधीच सुटतं ते, मी फोन लॉक करून तुझ्याकडे येते आणि इथे येऊन अनलॉक करते ना, तेव्हाच सुटतं.

इथून सगळं फिरलं. तिने मग बसून शांतपणे एकेक करून बघितलं. लोडर अडकला असताना स्क्रीन लॉक करून उघडली की सुटतो. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत आलं की सुटतो. पण वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढून परत वर ढकलली तर सुटत नाही. आता हे ज्याला अँड्रॉइड माहीत आहे त्याच्यासाठी फार मोलाचं आहे, कारण पट्टी ओढल्यावर अ‍ॅपचं ऑनपॉज (स्क्रीन समोरून जाताना येणारा कॉल) होत नाही, आणि लॉक केल्यावर किंवा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेल्यावर होतं, परत आल्यावर ऑनरिझ्यूम होतं. म्हणजे ऑनरिझ्यूममध्ये असं काहीतरी घडतंय की ज्याने आमचं पेज परत जिवंत होतं. चांगला टेस्टर काय करू शकतो ते मी त्या दिवशी बघितलं. आम्ही सगळे कोडमध्ये डोकं घालून बसलेलो आणि तिने नुसत्या हाताने निम्मं क्षेत्र बाद करून टाकलं.

आता फोनला हात न लावता बग पकडायचा होता. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरून डिबगिंग जोडता येतं, केबल लागत नाही, एकदा कोड टाकून पेअर केलं की झालं. फोन साध्या चार्जरला लावला आणि डेव्हलपर ऑप्शन्समधला चार्जिंगला असताना स्क्रीन चालू ठेवायचा पर्याय टिक केला. डेव्हटूल्स आधीच जोडून ठेवली. आणि मग वापरत बसलो, फॉर्म भर, यादी बघ, परत फॉर्म, मदतीचं चॅट उघड, परत ये, फॉर्म सेव्ह कर. आणि अडकला. या वेळी कन्सोल समोर उघडा होता.

आधी वाटलं पेजचा मेन थ्रेड (जिथे पेजचा कोड चालतो तो) गोठलाय, पण कन्सोलमध्ये एक अधिक एक टाकलं तर लगेच उत्तर. नेटवर्कच्या टॅबमध्ये सेव्हची रिक्वेस्ट, उत्तर २००, म्हणजे यशस्वी. व्हिजिबिलिटीस्टेट विचारलं तर व्हिजिबल. एक प्रॉमिस (काम झालं की पुढचा कोड चालवणारी गोष्ट) लगेच पूर्ण करून त्याच्या देनमध्ये कन्सोल लॉग टाकला, तो छापला गेला. मग सेटटाइमआउट टाकला, एका सेकंदाने काहीतरी छाप म्हणून. एक सेकंद गेला, दहा गेले, काहीच नाही. परत टाकला. नाही. सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने परत परत चालणारा टायमर) टाकला. नाही. पेज जिवंत आहे, बोलतंय, नेटवर्कवरून उत्तरं घेतंय, फक्त टायमर मेलेले.

आणि मग आमच्या पेजचं वागणं एकदम उलगडलं. लोडर फारच पटकन लुकलुकून जाऊ नये म्हणून उत्तर आल्यावर ३०० मिलिसेकंद थांबून तो काढायचा असा कोड आहे, तो सेटटाइमआउटवर. तीस सेकंदात काही झालं नाही तर एरर दाखवायची, तीही सेटटाइमआउटवर. म्हणजे अडकल्यावर सुटका करणारी व्यवस्था ज्या गोष्टीवर उभी होती तीच बंद पडलेली, म्हणून एररसुद्धा येत नव्हती. आणि लोडर फिरत का राहिला, तर ते सीएसएसचं अ‍ॅनिमेशन आहे, त्याला जावास्क्रिप्टचा टायमर लागत नाही. लॉक करून उघडलं की साठलेले टायमर एकदम धडाधड चालायचे आणि सगळं सुरळीत दिसायचं.

हे नेटिव्ह मित्राला दाखवलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, पॉजटायमर्स. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये ही मेथड आहे आणि तिच्या नावावरून वाटतं की ज्या वेबव्ह्यूवर कॉल केली त्याचे टायमर थांबतील. पण तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की हे सगळ्या वेबव्ह्यूंना लागू होतं. अ‍ॅपमधल्या कुठल्याही एका वेबव्ह्यूने ती कॉल केली की सगळ्यांचं लेआउट, पार्सिंग, जावास्क्रिप्टचे टायमर थांबणार. एकाच वेबव्ह्यूपुरतं थांबवायचं असेल तर वेबव्ह्यूचीच ऑनपॉज नावाची वेगळी मेथड आहे (स्क्रीनचं ऑनपॉज ते हे नाही), पण ती जावास्क्रिप्ट थांबवत नाही. एवढा मोठा फरक असलेल्या दोन मेथड शेजारी शेजारी, एकाच क्लासमध्ये, आणि दोन्ही एकाच ऑब्जेक्टवर कॉल करायच्या. माझ्या मते हे रचनेतच चुकलंय, जी गोष्ट सगळ्यांना लागू आहे ती एका ऑब्जेक्टवर ठेवायलाच नको होती.

आमच्या कोडमध्ये शोधलं तर पॉजटायमर्स कुठेच नाही. फक्त मुख्य स्क्रीनच्या ऑनरिझ्यूममध्ये रिझ्यूमटायमर्स (थांबलेले टायमर चालू करणारी मेथड) होतं, कुणीतरी कधीतरी घातलेलं, ज्यामुळे लॉक अनलॉक केल्यावर सुटत होतं. मग थांबवतंय कोण? तेव्हा मला इन्स्पेक्टच्या पानावरची यादी आठवली. आमच्या अ‍ॅपच्या नावाखाली तिथे आमचं पेज दिसायचंच, पण चॅट उघडून आलं की थोडा वेळ अजून एक ओळ दिसायची, वेगळ्या यूआरएलची, बाजूला डिटॅच्ड असं लिहिलेली. मदतीचं चॅट ही बाहेरून घेतलेली एसडीके, तिची स्क्रीन वेगळी अ‍ॅक्टिव्हिटी (अँड्रॉइडमध्ये एका स्क्रीनला असं म्हणतात), आणि आत तिचा स्वतःचा वेबव्ह्यू. तो स्विच स्टॅटिक आहे म्हणून तिचाही वेबव्ह्यू आपल्याला दिसत होता.

मित्राने अँड्रॉइड स्टुडिओमध्ये फ्रेमवर्कच्याच वेबव्ह्यू क्लासमधल्या पॉजटायमर्सवर मेथड ब्रेकपॉइंट (तो कॉल आला की कोड थांबवणारी खूण) लावला, चॅट उघडलं, मागे आलो, आणि थांबला. कॉल स्टॅक (कुणी कुणाला कॉल केलं त्याची यादी) बघितला तर एसडीकेच्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या ऑनस्टॉपमधून, म्हणजे स्क्रीन दिसेनाशी झाल्यावर चालणाऱ्या कोडमधून, कॉल. डिबग बिल्डमध्ये हे का येत नव्हतं तर तिथे चॅटची एसडीके बंदच ठेवलेली होती, टेस्टिंगचे मेसेज खऱ्या लोकांकडे जाऊ नयेत म्हणून. रिलीजसारखी बिल्ड नसती तर हे सापडलंच नसतं.

आता ऑनस्टॉपमधून म्हणजे नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण पूर्ण गोष्ट क्रमात आहे. आपण चॅटच्या स्क्रीनवरून मागे येतो तेव्हा आधी चॅटचं ऑनपॉज होतं, मग आपल्या मुख्य स्क्रीनचं ऑनस्टार्ट, ऑनरिझ्यूम, आणि त्यानंतर, सगळ्यात शेवटी, चॅटचं ऑनस्टॉप आणि ऑनडिस्ट्रॉय. म्हणजे आपण ऑनरिझ्यूममध्ये टायमर चालू करतो, आणि जाता जाता चॅटची स्क्रीन ते परत बंद करून जाते. शिवाय ऑनस्टॉप लगेचच येतं असं नाही, नवीन स्क्रीन स्थिरावली की येतं, मुख्य स्क्रीन कामात असेल तर काही सेकंद उशिरासुद्धा, म्हणून कधी परत आल्यावर पहिला फॉर्म नीट सेव्ह व्हायचा आणि दुसऱ्याला अडकायचं. आणि तक्रारी ज्यांच्या आल्या होत्या ते बहुतेक सगळे फॉर्म भरताना अडले म्हणून मदत मागायला चॅटमध्ये गेलेले लोक. आधीच अडलेला माणूस, त्याला मदत मिळाली, तो परत आला, आणि आता फॉर्मच अडकला. मला हे वाचताना खरंच वाईट वाटलं होतं.

हे पक्कं करायला आम्ही दोन्हीकडचे लॉग एकाच ठिकाणी आणले. वेबव्ह्यूमधले कन्सोलचे मेसेज लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या लॉगमध्ये) क्रोमियम या टॅगखाली येतात, म्हणजे ते आपोआपच नेटिव्हच्या लॉगच्या शेजारी, त्याच घड्याळाप्रमाणे दिसतात. पेजमध्ये एक सेटइंटरव्हल लावला जो दर सेकंदाला एक ओळ छापेल आणि नेटिव्हमध्ये प्रत्येक लाइफसायकलला (ऑनरिझ्यूम, ऑनस्टॉप वगैरेंना) एक ओळ. आणि मग लॉगमध्ये स्वच्छ दिसलं, टिक टिक टिक, मुख्य रिझ्यूम, टिक, टिक, चॅट स्टॉप, आणि त्यानंतर टिक नाहीच. एवढी एक पट्टी बघितल्यावर दोन्ही टीममध्ये कुणालाच काही पटवून द्यावं लागलं नाही. मी आता कुठल्याही वेबव्ह्यूच्या बगला हेच आधी करते, दोन्हीकडचे लॉग एका रांगेत.

दुरुस्ती छोटी पण नाजूक होती. सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटींच्या लाइफसायकलवर कान ठेवता येतो, त्यात एसडीकेची अ‍ॅक्टिव्हिटी स्टॉप झाल्याचं कळलं की आपण रिझ्यूमटायमर्स कॉल करायचं. पण तो कॉलबॅक सुपरच्या (अँड्रॉइडच्या मूळ क्लासच्या) ऑनस्टॉपमधून येतो, आणि एसडीके पॉजटायमर्स त्याच्यानंतर कॉल करत असेल तर आपण परत आधीच पोचलो. म्हणून तिथून सरळ कॉल न करता मेन थ्रेडच्या हँडलरवर (कामांच्या रांगेत) पोस्ट केलं, म्हणजे ते सगळं ऑनस्टॉप संपल्यावर चालतं. आणि आपली स्क्रीन त्या वेळी खरंच समोर आहे का तेही तपासायचं, नाहीतर अ‍ॅप मागे गेलेलं असताना टायमर चालू राहून बॅटरी खाणार. एसडीकेवाल्यांना कॉल स्टॅकसकट कळवलं, त्यांनी पुढच्या व्हर्जनमध्ये ते काढलं, पण आमची दुरुस्ती आम्ही तशीच ठेवली आहे कारण उद्या दुसरी एखादी एसडीके हेच करू शकते, जाहिरातीच्या एसडीकेंमध्ये तर वेबव्ह्यू असतातच. पेजच्या बाजूने सर्व्हरवर प्रत्येक सेव्हला एक युनिक आयडी पाठवायला लागलो, म्हणजे तोच फॉर्म दोनदा आला तरी नोंद एकच होईल.

एक अजून केलं ते म्हणजे नाडी. पेज दर काही सेकंदांनी ब्रिजवरून (पेज आणि नेटिव्हमधल्या दुव्यावरून) नेटिव्हला एक हाक मारतं, आणि अ‍ॅप समोर असताना हाक यायची थांबली तर नेटिव्ह तशी नोंद पाठवतं. पेजला स्वतःला आपले टायमर थांबलेत हे कळणं अवघड, बाहेरच्याला सहज कळतं. इथे एक काळजी घ्यायची, अँड्रॉइडमध्ये जावास्क्रिप्टकडून आलेला ब्रिजचा कॉल मेन थ्रेडवर येत नाही, वेगळ्या थ्रेडवर येतो, त्यामुळे तिथून सरळ यूआयला किंवा वेबव्ह्यूला हात लावायचा नाही.

या नाडीचा खरा फायदा झाला आयफोनवर, ज्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. नोंदी यायला लागल्या की काही आयफोनवर कॅमेऱ्यातून फोटो काढून परत आल्यावर नाडी थांबते. तपासलं तर पेज पांढरं फटक. कारण असं की डब्ल्यूकेवेबव्ह्यूमध्ये (आयफोनच्या वेबव्ह्यूमध्ये) पेज आपल्या अ‍ॅपच्या प्रोसेसमध्ये चालतच नाही, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, आणि मेमरी कमी पडली की सिस्टिम ती प्रोसेस काढून टाकते. अ‍ॅप चालू राहतं, क्रॅश रिपोर्ट येत नाही, नुसती पांढरी स्क्रीन. सफारीचा इन्स्पेक्टर जोडलेला असेल तर तो त्या क्षणी आपोआप बंद होतो, ते बघून वैतागू नका, प्रोसेस गेल्याचा तो पुरावा आहे. यासाठी नॅव्हिगेशन डेलिगेटमध्ये वेब कन्टेन्ट प्रोसेस संपल्याचा कॉलबॅक आहे, तो घेऊन पेज रीलोड करायचं. अँड्रॉइडवर याचं भावंड म्हणजे ऑनरेंडरप्रोसेसगॉन, अँड्रॉइड ८ पासून, आणि ते हाताळून ट्रू परत दिलं नाही तर पूर्ण अ‍ॅपच जातं. तिथे तपासणं सोपं आहे, वेबव्ह्यूमध्ये क्रोमचं क्रॅश हे पान लोड करायचं, रेंडरर (पेज चालवणारी प्रोसेस) मुद्दाम पडतो आणि आपली व्यवस्था चालते का ते लगेच दिसतं. मेलेला वेबव्ह्यू परत वापरायचा नाही, काढून नवीन बनवायचा.

पण नुसतं रीलोड केलं की भरलेला फॉर्म जातो. म्हणून प्रत्येक फील्ड बदलल्यावर मसुदा इंडेक्स्डडीबीमध्ये (पेजसाठीच्या फोनवरच्या साठ्यात) ठेवायला लागलो आणि कॅमेरा उघडायच्या आधी तो लिहून झालाय याची वाट बघून मगच नेटिव्हला कॅमेरा उघड म्हणून सांगतो. फोटोही पूर्ण आकारात बेस६४ (मजकुराच्या रूपात) करून ब्रिजवरून पाठवत होतो ते बंद केलं, आता नेटिव्ह तो लहान करून फाइलमध्ये ठेवतं आणि पेजला फक्त पत्ता देतं. मेमरी जात होती ती मुख्यतः तिथेच, आणि हे बदलल्यावर पांढरी स्क्रीन यायचं प्रमाण खूपच कमी झालं.

पूर्ण बंद मात्र झालेलं नाही. फोटो अपलोड होत असतानाच प्रोसेस गेली तर रीलोडनंतर पेजला कळत नाही की अपलोड झालं की अर्धवट राहिलं, कारण ते अपलोड पेजच करत होतं आणि पेजच गेलं. सध्या अपलोडचं काम पूर्णपणे नेटिव्हकडे द्यायचं चाललंय, बॅकग्राउंडमधून होईल आणि पेज उघडल्यावर फक्त स्थिती विचारेल असं. आयफोनची बाजू होत आलीये, अँड्रॉइडवर मधेच नेटवर्क बदललं तर पुढे कुठून चालू करायचं ते अजून ठरायचंय.